दगडाचं बारसं

मोबाईल आधी पिशवीच्या तळाशी टाका. आपण जातोय तिथे रेंज नाही. पाचशेची नोटही बाहेर काढू नका, ती छापली जायला अजून चोवीस वर्षं आहेत. नये पैसे मी आणलेत सुट्टे. चपला साध्या घाला. रात्री त्यांच्यावरूनच घोटाळा व्हायचाय.

चला, चढा. बोरीबंदरहून दादरला जाणारी ट्राम आहे ही. साल १९६३, श्रावण नुकताच सरलाय, गणपती बसून दोन दिवस झालेत. लाकडी बाक पावसाने ओलं झालंय आणि तुमची पँट त्याला चिकटलीय. ड्रायव्हर उभ्यानेच गाडी हाकतोय आणि पायाने घंटा बडवतोय, ठण्ण ठण्ण. ट्राम घाईत नसते. शेजारून धावणारा पोऱ्या तिच्यापुढे निघून जातो आणि वळून दात दाखवतो. या ट्रामचे आता काही महिनेच उरलेत, पण ते इथे बसलेल्या कुणाला सांगू नका. आजच्या दिवसात तुमच्यावर एवढंच पथ्य आहे: ठाऊक असलेलं बोलायचं नाही.

महंमद अली रोडवर भट्टीतून निघालेल्या पावाचा वास येतो. भायखळ्याला ओल्या भाजीचा. आणि पुढे एक वास हळूहळू इतर सगळ्यांना गिळत जातो. कोळशाचा धूर, मशीनचं तेल, खळ लावलेलं सूत, त्यात कुठेतरी परतलेल्या मिरचीचा ठसका. शिंक आली ना? आलं लालबाग.

उतरा, पण वर बघून. डोक्यावर पूल नाही. उघडं आकाश आहे आणि त्यात जिकडेतिकडे धुराडी. तेवढ्यात भोंगा होतो. हा आवाज कानात वाजतच नाही, थेट छातीच्या पिंजऱ्यात वाजतो. एक थांबला की दुसऱ्या गिरणीचा सुरू होतो, थोडा बसक्या आवाजाचा. इथली पोरं अंथरुणात डोळे मिटून सांगतात, हा इंडिया युनायटेडचा, हा दिग्विजयचा. आत्ता चाळींच्या जिन्यांवरून जो गडगडाट येतोय, तो पहिल्या पाळीचा. टोप्या, डबे, तंबाखूच्या चंच्या. समोरून रात्रपाळी सुटून येतेय, भुवयांवर आणि मिशांवर कापसाचं तूस घेऊन, सगळे एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे. या दोन लोंढ्यांच्या मध्ये तुम्ही उभे आहात. कोपर सांभाळा. आणि कुणी ओरडून बोललं तर रागावू नका. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. घरात बायकोशीही तो असाच बोलतो.

आता गेटकडे या. मला तुम्हाला दाखवायचं होतं ते हे.

काही माणसं तडक आत जातात. ती कायम. त्यांचा नंबर पक्का, साचा ठरलेला, मुकादम नावाने ओळखतो. उरलेली ही जी गेटाला खेटून उभी आहेत, छत्री नाही म्हणून डोक्यावर गोणपाट घेऊन, ती बदलीवाली. आत कुणी आजारी पडलं, कुणी गावाला गेलं, तर यांच्यातल्या एखाद्याचा नंबर पुकारला जाईल. नाही तर तासाभराने गाळ्यावर परत, उद्या पुन्हा हजर. तुमच्या बाजूचा तो पोरगेलासा, साताऱ्याकडचा असावा, रोज येतो. रोज दिसत राहिलं तरच कायम होतं माणूस, असं त्याला खाणावळीणबाईने सांगितलंय. त्याचं नाव विचारू नका. इथे सकाळी नाव नसतं, नंबरच असतो.

हे दृश्य खिशात ठेवा. रात्री लागेल.

भूक लागली असेल. उसळीची थाळी घ्या, पाव बुडवून खा, रस्सा तिखट आहे, नाक पुसायला बाही वापरलीत तरी चालेल. खाता खाता एक कानगोष्ट. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत लाखो धोंडे सूर्याभोवती फिरतात, त्याला लघुग्रहांचा मुख्य पट्टा म्हणतात. सिनेमात तो पट्टा या रस्त्यासारखा दाखवतात, एकमेकांवर आदळणाऱ्या गर्दीचा. साफ खोटं. तिथे दोन धोंड्यांत सरासरी दहा लाख किलोमीटरचं अंतर असतं. मध्ये शुकशुकाट. पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाचे धोंडे तर बहुतेक असे काळे, की त्या बॉयलरखालच्या कोळशाशेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. अशाच एका धोंड्यासाठी मी तुम्हाला इथे आणलंय. तो आत्ताही वर कुठेतरी फिरतोय. पण त्याला अजून कुणी पाहिलेलं नाही, त्याला नंबर नाही, आणि ज्यांचं नाव त्याला मिळायचंय ते गृहस्थ आज तेहेतीस वर्षांचे आहेत आणि नुकतेच मुंबईत राहायला आलेत.

परळपर्यंत पायी जाऊ. मिरची कांडणाऱ्या गल्लीतून जाताना श्वास रोखा. चिवडा तळणाऱ्याकडून पुडी घ्या, कागद तेलाने पारदर्शक होतो तो खरा ताजा. पुढे डाव्या हाताला एका गेटाशी पोरं घुटमळताहेत. कुणी नटी दिसेल म्हणून. हा राजकमल कलामंदिर, व्ही. शांताराम यांचा स्टुडिओ. पूर्वी इथे वाडिया मूव्हीटोन होतं, १९४२ पासून राजकमल. आत लाकूड रंधल्याचा वास, ओल्या प्लास्टरचा वास, आणि एक सुतार दगडी खांब उचलून खांद्यावर टाकतो. दचकू नका, आतून पोकळ आहे. तापलेल्या दिव्यांजवळ जाल तर कपाळाची कातडी ओढली जाते. कुणीतरी ‘शांत!’ असं ओरडतं आणि शंभर माणसं एकदम श्वास घ्यायची थांबतात. आणि त्या शांततेत, बघा, बाहेरून गिरणीचा भोंगा.

शांतारामबापूंची मुलगी मधुरा हिचं गेल्या वर्षी लग्न झालं. जावई गवई आहेत, जसराज नावाचे. घराणं मेवाती. लहानपणी तबला वाजवायचे. साथीदाराला गवयाच्या खालचं समजतात हे मनाला इतकं लागलं, की चौदाव्या वर्षी तबला सोडला आणि गाणं येईपर्यंत केस कापणार नाही असा पण केला. ज्याने मानासाठी तबला सोडला तो माणूस सिनेमावाल्या सासऱ्याच्या शहरात येऊन राहिला, तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल हे मला फार ऐकावंसं वाटतं. पण आपण गेटाबाहेरचे. तीन वर्षांनी याच बॅनरच्या ‘लडकी सह्याद्री की’मध्ये वसंत देसाई त्यांच्याकडून अहिर भैरवात एक भजन गाऊन घेणार आहेत. इथे घुटमळणाऱ्या पोरांना त्याचं काही नाही. त्यांना नटी हवीय.

संध्याकाळ झाली. पूल ओलांडून एल्फिन्स्टन रोडला या, लोकल पकडा, चर्नी रोडला उतरा. समुद्राचा वारा गालाला लागला, की ठाकूरद्वाराकडे वळा आणि कानांच्या मागे चालत राहा. गिरगावात गणपतीत रस्ता विचारावा लागत नाही. टाळ ज्या बाजूने जास्त, तिकडे वाडी.

ही आपली वाडी. नाव सांगत नाही, तुमच्या आजोबांची असेल तर उगाच ओळखी निघतील. तीन मजले, लाकडी कठडे, दर कठड्यावर वाळत घातलेलं काहीतरी जे आज सणाचं म्हणून आत घ्यायचं राहून गेलंय. आरती जोरात चाललीय. कापूर, धूप, केवडा, ट्रंकेतून आज निघालेल्या शालूंना डांबरगोळ्यांचा वास. आरतीच्या शेवटी मंत्रपुष्पांजलीला सगळ्यांचा सूर एकदम खर्जात उतरतो तेव्हा जिन्याचं लाकूड थरथरतं, हात लावून बघा. प्रसादाची खिरापत तळहातावर पडते. सुकं खोबरं, खडीसाखर, आणि एक बेदाणा. तो तुमच्या शेजारच्या मुलीच्या नजरेत भरलाय. द्या तिला.

आता चपला काढा. तिथे, जिन्याखालच्या ढिगात. सतरंजी अंथरलीय, भिजलेल्या फरशीची ओल तिच्यातून वर येतेय, तरी बसा. आज गाणं आहे. गवई दादरचा एक कार्यक्रम आटोपून येणार, म्हणजे कधी येणार ते गणपतीलाच ठाऊक. तबलजी आलाय, चहा पितोय. साडेनऊ वाजतात. लोक चुळबूळ करतात. मंडळाचा कार्यकर्ता घामाघूम, दर पाच मिनिटांनी माइकवर येऊन ‘कलाकार निघाले आहेत’ असं सांगतो, आणि पुढच्या रांगेतले एक काका दर वेळी तेवढ्याच शांतपणे विचारतात, “कुठून?”

मग कुणाच्या तरी डोक्यात येतं: आज शनिवार आहे, आकाशवाणीवर रात्रीचं गाणं असतं. दुसऱ्या मजल्यावरून दोन पोरं रेडिओ उचलून आणतात. देव्हाऱ्याएवढं धूड आहे, वर क्रोशाचा रुमाल तसाच. लांबलचक वायर, “अरे सांभाळ”, “पायरी बघ”. रेडिओ टेबलावर ठेवतात, माइक त्याच्या पोटाशी आणतात. व्हॉल्व्ह तापेपर्यंत गप्प. मग तापल्या धुळीचा वास, मग खरखर, मग आवाज येतो खरा, पण निवेदिका बोलत होती तेव्हा माइकचं बटण बंद होतं. कार्यकर्त्याच्या लक्षात येऊन तो बटण दाबतो, तोवर तिचं बोलून झालंय. कर्ण्यातून बाहेर पडतो तो थेट षड्ज.

“कोण गातंय?” काका विचारतात.

कुणालाच ठाऊक नाही.

“नाव ऐकलं का कुणी?”

नाही ऐकलं. पण आता कुणी बोलत नाही. तरुण आवाज आहे. घाई नाही त्याला. खाली जातो तेव्हा विहिरीत पाय सोडून बसल्यासारखा जातो, आणि वर येताना एकेका पायरीवर थांबून हात फिरवून पाहतो. खरखरीतूनही कळतं ते. दुसऱ्या मजल्यावर एक बाई पोळपाट तसाच ठेवून कठड्याशी आलीय, हाताचं पीठ झटकायचं विसरून. तबलजीचा चहा निवलाय. काका डोळे मिटून मांडीवर ताल धरतात आणि समेवर मान टाकतात, जणू कर्णा त्यांना ओळखतो. अख्खी वाडी एका बिननावाच्या माणसाचं गाणं ऐकतेय आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

तो आवाज जसराजांचाच होता असं मी शपथेवर सांगणार नाही. मीही तुमच्याबरोबर उशिराच आलो.

चला, गच्चीवर. चपला राहू द्या, पटकन येऊ. पायऱ्या निसरड्या आहेत, भिंतीला धरा. वर आलात की पाणी साचलेल्या कोपऱ्यापासून लांब उभे राहा. परवा चतुर्थीला चंद्राकडे बघायची बंदी होती. आज चालेल, शिवाय तो मावळतीला टेकलाच आहे. ढगांत फट पडलीय, तिच्यातून पूर्वेला बघा, माझगावच्या अंगाला. तो जो न लुकलुकणारा पिवळसर ठिपका, तो गुरू. मंगळ संध्याकाळी पश्चिमेला होता, केव्हाच बुडाला. या दोघांच्या कक्षांमध्ये आपला धोंडा. नजर ताणू नका, उघड्या डोळ्यांना तो कधीच दिसणार नाही. खालून कर्णा ऐकू येतोय, त्याचा सूर आता चढतोय. गच्चीचा कठडा घट्ट धरा. डोळे मिटा.

कोरडी थंडी. नाकपुड्या आतून तडकताहेत ना? मी शाल आणायला सांगायला हवं होतं. ही अमेरिका, ॲरिझोना, २००६ सालचा नोव्हेंबर. इथे रात्रीचे दोन वाजलेत, म्हणजे गिरगावात दुपारचे अडीच, वामकुक्षीची वेळ. डोंगरावर एक दुर्बीण आहे आणि खालच्या खोलीत पडद्यांसमोर एक माणूस बसलाय, कॉफी तुमच्या तबलजीच्या चहाइतकीच निवलेली. दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही मिनिटांच्या अंतराने चार फोटो काढते. तारे चारही फोटोंत जागच्या जागी. एखादा ठिपका मात्र दर फोटोत किंचित सरकलेला. तोच तो. आवाज नाही, टाळ्या नाहीत. पंखा घुमतोय तेवढाच.

त्याला लगेच चिठ्ठी चिकटते: २००६ व्हीपी ३२. हे नाव नव्हे, बदलीचा नंबर आहे. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पी ३२ हा त्या पंधरवड्यातल्या नोंदींचा क्रम. रोमन अक्षरांतलं आय गाळायचं, पंचवीस अक्षरांची बत्तीस आवर्तनं घ्यायची, वर पी म्हणजे पंधरावं. हिशेब केला तर आठशे पंधरावा. दोन आठवड्यांत जगभरातून गेटाशी येऊन उभे राहिलेले आठशे चौदा जण याच्या पुढे. गोणपाट घेऊन.

आणि पुढे गिरणीतलाच कायदा. एकदा दिसलं म्हणजे काही नाही. एका रात्रीच्या चार ठिपक्यांवरून कक्षा नक्की होत नाही. धोंडा सूर्यामागे जातो, हरवतो, बरेच महिने पत्ता नसतो, मग जिथे असायला हवा असा अंदाज असतो तिथे पुन्हा शोधायचा. सापडला तर हजेरी. अशा कित्येक फेऱ्यांच्या हजेऱ्या जमल्या आणि तो उद्या कुठे असेल हे बिनचूक सांगता आलं, की मग पक्का क्रमांक. याला मिळाला ३००१२८. झाला कायम.

नाव त्यानंतर. ज्यांनी शोधलं त्यांचा सुचवण्याचा मान, आणि आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती ते पारखून घेते. रोमन लिपीत सोळा अक्षरांहून जास्त नको, उच्चारता यावं, कुणाला लागू नये, दुकानदारीचं नसावं. राजकारणी किंवा सेनानी असेल तर मरणानंतर शंभर वर्षं थांबा. हा शेवटचा नियम दादरच्या सिग्नलवरच्या फलकांना लावला तर खांब दिसतील. पण ते जाऊ द्या. उलटा आकडा बघा जरा: २८, ०१, ३०. जसराजांचा जन्म २८ जानेवारी १९३०चा. म्हणून हा धोंडा त्यांच्या वाट्याला.

थंडी पुरे. एक छोटी उडी मारू, दादरला. सप्टेंबर २०१९ संपत आलाय, नवरात्र बसतंय. पहाटेच्या फूलबाजारात झेंडूच्या चिखलात तुमचे पाय घोट्यापर्यंत रुतलेत. हो, तुम्ही अनवाणीच आहात, मला आठवण आहे. पिवळा, केशरी, कुजका, ताजा, सगळा वास एकदम. माथ्यावर करंडी घेतलेला माणूस ‘ए बाजू’ म्हणत अंगावरून जातो. भोंगा मात्र नाही. कान त्याची वाट बघतात आणि तो होत नाही. एका फूलवाल्याने ओल्या फरशीवर पेपर अंथरलाय, त्यावर शेवंतीचा ढीग. ढीग जरा सरकवा. पंडित जसराज यांचं नाव लघुग्रहाला, असा मान मिळालेले ते पहिले भारतीय संगीतकार. मोझार्ट, बेथोव्हन, पॅव्हारॉटी ही मंडळी तिथे आधीच फिरताहेत. पंडितजी नव्वदीला टेकलेत. नाव जोडून एका शब्दात लिहिलंय, पंडितजसराज, रोमनमध्ये बारा अक्षरं. चार शिल्लक.

म्हणजे सापडल्यानंतर तेरा वर्षांनी बारसं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, कानात कुर्रर्र करायला आत्या नाही. आपल्याकडे मुलं जगेनात तर नव्या बाळाला धोंडू म्हणायचे, दगडू म्हणायचे, की यमाला वाटावं ही काय नेण्यासारखी वस्तू आहे. माणसाला दगडाचं नाव. इथे दगडाला माणसाचं. फूलवाला तुमच्याकडे बघतोय. “घ्यायचीय का शेवंती? नाही तर हात काढा.”

काढा हात. आणि चपला तिकडेच राहिल्यात. परत जायला हवं.

गच्ची. तेच साचलेलं पाणी, गुरू हातभर वर सरकलाय. पायऱ्या उतरा, जपून. खाली रेडिओवरचं गाणं आत्ताच संपलंय. निवेदिका शेवटी पुन्हा नाव सांगते, सांगतेच, पण नेमकं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी येऊन थांबते, पोरं ‘आले, आले’ म्हणून धावतात, कुणाचा तरी पाय वायरीत अडकतो आणि कर्णा मुका होतो. दादरहून गवई आलेत. तंबोऱ्यांची गवसणी निघते, रेडिओ रुमालासकट वर निघालाय.

जिन्याखालच्या ढिगात तुमची डावी चप्पल सापडते. उजवी कुणीतरी घालून गेलंय, तिच्या जागी दुसरी आहे, अंगठा तुटलेली. काका तुमच्याकडे बघून सतरंजीवर सरकून जागा करतात.

“काय हो, तुम्ही वर होतात. मघाच्या त्या पोराचं नाव कळलं का?”

पथ्य आठवा. मानेनेच नाही म्हणा.

“राहू द्या,” काका म्हणतात. “पुन्हा लागेल की कधीतरी. बसा, तंबोरे लागताहेत.”